साहेबाच्या नोकराचा आवाज

माझ्या वडिलांना आम्ही नाना म्हणतो. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा इंग्रजीत गप्पा मारल्या त्या मेलबर्नच्या विमानतळावर, वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी. बॅगेतल्या मेतकुटाबद्दल विचारणाऱ्या अधिकारी बाईंना त्यांनी मेतकूट कशाचं करतात, ते आजारी माणसाला भातावर कसं देतात, हे सगळं उभ्या उभ्या समजावलं. मी बाहेर घामाघूम होऊन फोन लावतोय आणि हे आत पाककृती सांगताहेत. शेवटी बाहेर आले ते लढाई जिंकल्यासारखे.

"सोडलं की त्यांनी," म्हणाले. "नीट सांगितलं तर सोडतात."

नाना पाटबंधारे खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले. त्यांचं लेखी इंग्रजी असं की मोठे इंजिनिअरसुद्धा आपली पत्रं त्यांच्याकडून तपासून घेत. पण बोलायचा प्रसंग कधी आला नव्हता. शाळा मराठी, ऑफिसातली भांडणं मराठी, घर तर मराठीच. चाळीस वर्षं आत साठलेलं सगळं इंग्रजी टार्निटमध्ये, आमच्या मेलबर्नच्या उपनगरात, आल्यावर एकदम बाहेर पडलं. बोलण्याआधी ते ताठ उभे राहत, पाठीमागे एका हाताने दुसरं मनगट धरत, घसा खाकरत, शब्दासाठी क्षणभर वर बघत आणि मग 'अ‍ॅक्च्युअली' म्हणून अख्खं वाक्य एका दमात सोडत. कुत्रं फिरवायला निघालेल्या बाई, लॉनच्या पट्ट्या अंथरणारा कामगार, समोरच्या घरचा नुकताच बाप झालेला माणूस, सगळ्यांना 'हाऊ इज युवर गुड सेल्फ?' आणि माणसं थांबून उत्तरही देत. सहा वर्षांत मला आमच्या गल्लीतली जेवढी माणसं कळली नव्हती, तेवढी त्यांना दोन महिन्यांत कळली.

त्यांची एकच अट होती. मी मध्ये तोंड घालायचं नाही. एकदा फार्मसीत त्यांच्या ब्लडप्रेशरच्या गोळ्यांबद्दल मी घाईघाईने बोलायला लागलो, तर त्यांनी मला हाताने थांबवलं. "एक मिनिट. माझं मी सांगतो." काउंटरपलीकडची फार्मसिस्ट पेनांगहून आलेली, चिनी वंशाची, माझ्याच वयाची. तिने शांतपणे त्यांचं सगळं ऐकून घेतलं आणि उत्तर माझ्याकडे न बघता त्यांना दिलं. दुकानाबाहेर पडताना नानांची मान जरा वर होती.

खरं सांगायचं तर मला त्यांच्या या बोलण्याचं कौतुक वाटायचं आणि लाजही वाटायची. दुकानात मागे रांग लागली असली की लाज जास्त.

आता माझ्याबद्दल. मी सिटीत एका कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करतो, पण ते पोटासाठी. मूळचा मी पुण्यातला हौशी नट. कॉलेजात एकांकिका स्पर्धा केल्या, आणि त्या काळी हमखास हशा घ्यायचा रस्ता आम्हाला पाठ होता. एखादा दाक्षिणात्य हॉटेलवाला आणायचा, एखादा शेटजी आणायचा, त्याचे हेल काढायचे, की प्रेक्षागृह डोक्यावर. मला विनोदी भूमिकेची दोन बक्षिसं मिळाली आहेत आणि दोन्ही अशाच हेलांवर. दुसरी खोड म्हणजे पदरची वाक्यं घालायची. लेखकाने दोन वाक्यं दिली की मी सहा म्हणणार. दिग्दर्शक वैतागायचे, पण हशा आला की गप्प बसायचे. ऑस्ट्रेलियात आल्यावर हे सगळं बंद पडलं होतं. स्टेजची भूक काय असते ते ज्याला आहे त्यालाच कळतं. बारसं असो, हाउसवॉर्मिंग असो, कुणी 'काहीतरी करून दाखव' म्हणायचा अवकाश, मी उभा.

तर आमच्या जवळच्या लायब्ररीत एक निवृत्त शाळाशिक्षिका दर वर्षी वाचनाचा कार्यक्रम करतात. यंदाचा विषय होता गोऱ्या साहेबांनी लिहिलेली पूर्वेकडची जुनी प्रवासवर्णनं. कुणीतरी लायब्ररीला दान दिलेल्या खोक्यात अशी पुस्तकं निघाली होती. बाईंचा हेतू चांगला होता. ही पुस्तकं मोठ्याने वाचायची, मग त्यांच्यावर चर्चा करायची, आपल्या पूर्वजांनी जगाला कसं पाहिलं ते लपवायचं नाही. मला त्यांनी विचारलं, एका उताऱ्यात मुंबईचा नोकर आहे, वाचशील का? काय वाचायचंय ते न बघता मी हो म्हटलं. मराठी नटाला भूमिका विचारली की तो आधी हो म्हणतो आणि मग संहिता मागतो.

उतारे वाचले तेव्हा आधी हसूच आलं. साहेब बोटीने निघतो आणि प्रत्येक बंदरावर अर्धा दिवस उतरतो. तेवढ्यात त्याला तिथली माणसं आरपार कळतात. बंदराला एक जमात आणि जमातीला एक विशेषण. अमके लबाड, तमके आळशी, हे हिशेबी, ते पोरकट. मुंबईत तो एक नोकर ठेवतो. नोकर प्रत्येक गोष्टीला 'येस, साहेब' म्हणतो आणि कधी करशील विचारलं की 'टुमॉरो, साहेब' म्हणतो. त्याला नाव नाही, आणि या दोन वाक्यांपलीकडे बोलणंही नाही. त्यावरून साहेब तीन पानं भरून ठरवतो की हे अख्खे लोकच गोड बोलून खोटं बोलणारे आहेत.

पहिली तालीम मंगळवारी झाली, कार्यक्रम शनिवारी दुपारी. साहेबाचा भाग स्वतः शिक्षिकाबाई वाचणार होत्या. बाईंनी आमच्या त्या पेनांगच्या फार्मसिस्टलाही गळ घातली होती; चीनमधल्या कँटनच्या व्यापाऱ्याचा उतारा तिच्याकडे होता. तिने तो बातम्या वाचतात तसा सपाट वाचला. बाईंनी विचारलं, थोडा अभिनय करणार का? ती म्हणाली, "नाही. लिहिलंय ते एवढं वाईट आहे, मी कशाला मदत करू?"

मग माझी पाळी आली. 'येस, साहेब' मी म्हटलं आणि ते फार कोरडं वाटलं. म्हणून मी ताठ उभा राहिलो, हात मागे घेतला, घसा खाकरला, वर बघितलं. मदतीला आलेल्या दोघीतिघी तेवढ्यावरच हसल्या. हसल्या म्हटल्यावर मी सुटलोच. अ‍ॅक्च्युअली साहेब, व्हॉट हॅपन्ड इज, आय अ‍ॅम टेलिंग यू साहेब, यू डोन्ट टेक टेन्शन. बाई डोळे पुसत होत्या. म्हणाल्या, "हे सगळं ठेव, प्लीज ठेव. किती जिवंत झालं!" सहा वर्षांनी मला हशा मिळाला होता. माझे कान गरम झाले होते.

खुर्च्या आवरताना फार्मसिस्ट माझ्याजवळ आली. "यू आर गुड," म्हणाली. मी थँक्स म्हटलं. मग तिने विचारलं, "शनिवारी तुझे वडील येणार आहेत?"

एवढंच.

शपथेवर सांगतो, मला कळलं नव्हतं, असं लिहायचा फार मोह होतोय. ते अर्धंच खरं आहे. करताना कळलं नव्हतं. पण तिने विचारल्यावर मला विचार करावा लागला नाही, म्हणजे कुठेतरी कळलेलं होतंच. साहेबाने लिहिलेला नोकर कागदाचा होता. त्याला आवाज मी दिला, आणि तो आवाज मी माझ्या घरातून नेला होता.

घरी आलो तर नाना ओट्यापाशी चहा गाळत होते. "कशी झाली तालीम?" म्हणाले. मी बरी झाली म्हटलं.

"शनिवारी किती वाजता निघायचं?"

"नाना, तुम्ही येऊ नका. कंटाळवाणं आहे. जुन्या पुस्तकांतलं काहीबाही वाचणार."

"तुझं काम आहे ना?"

"अगदी छोटं."

"कॉलेजात तू नुसता भालदार झाला होतास तेव्हाही मी आलो होतो. शेवटच्या रांगेत बसलो होतो, आठवतंय ना? कोणतं पुस्तक आहे? दाखव बरं."

"लायब्ररीतच ठेवलंय," मी म्हटलं. कागद माझ्या बॅगेत होते आणि बॅग माझ्या खांद्याला होती.

बुधवारी ट्रेनमधून मी शिक्षिकाबाईंना फोन केला. मला जमेलसं वाटत नाही म्हणालो. कामाचं कारण दिलं. त्या म्हणाल्या, "ओह नो! पण लोक तर आता तुझ्यासाठीच येणार आहेत. मी सगळ्यांना सांगितलंय." आणि मी विरघळलो. अर्धं मिनिटसुद्धा टिकलो नाही. खरं कारण सांगितलं असतं तर त्यांनी मला क्षणात मोकळं केलं असतं, पण ते सांगायला मला तोंड नव्हतं. काय सांगणार, की तुम्ही ज्याला हसलात ते माझे वडील आहेत?

मग मी ठरवलं की नोकर साधा वाचायचा. छापलंय तेवढंच, माझ्या आवाजात. हे ठरल्यावर जरा शांत झालो. गुरुवारी, शुक्रवारी अंघोळ करताना सपाट वाचायची प्रॅक्टिस केली. दोन वाक्यांची प्रॅक्टिस करणारा नट मी पहिलाच असेन. पण नाना बागेतून कुणाशी बोलताना ऐकू आले की माझी वाक्यं बिघडायची.

शनिवारी नानांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला. बायकोची हॉस्पिटलात शिफ्ट होती, त्यामुळे आम्ही दोघंच निघालो. गाडीत ते खुशीत होते. लायब्ररीच्या दारात शिक्षिकाबाई भेटल्या, तर हात मागे घेऊन त्यांनी आपली ओळख करून दिली. अ‍ॅक्च्युअली, ही इज माय सन, फ्रॉम चाइल्डहूड ही इज हॅविंग इंटरेस्ट इन ड्रामा. बाई क्षणभर थबकल्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी दुसरीकडे बघितलं. त्यांनी नानांना नेऊन पहिल्या रांगेत बसवलं.

चाळीसएक माणसं असतील. फार्मसिस्टचा उतारा माझ्याआधी होता. तिने तो तसाच सपाट वाचला आणि सभागृहात अवघड शांतता पसरली. कुणी खोकलं. त्या शांततेतच मी उभा राहिलो.

पहिलं 'येस, साहेब' मी ठरवल्याप्रमाणे म्हटलं. काहीच झालं नाही. 'टुमॉरो, साहेब' म्हटलं. तरी काही नाही. बाईंनी वाचता वाचता वर बघितलं, 'घाबरलास का?' असं विचारल्यासारखं. तालमीला आलेल्या दोघी पुढे झुकून वाट बघत होत्या. मेलेलं सभागृह नटाला सहन होत नाही, हे मी सबब म्हणून सांगत नाही, झालं ते सांगतोय. तिसऱ्या 'येस, साहेब'ला माझा हात आपोआप मागे गेला.

घसा खाकरल्यावर पहिला हशा आला. 'अ‍ॅक्च्युअली'ला मोठा आला. त्यानंतर मला कुणी थांबवू शकलं नसतं. यू डोन्ट टेक टेन्शन, साहेब. ऑल इज अंडर प्रोसेस, साहेब. विथ रेफरन्स टू युवर गुड सेल्फ, साहेब. ही वाक्यं तालमीतसुद्धा नव्हती, तिथल्या तिथे सुचत होती. मी मुद्दाम पहिल्या रांगेकडे बघत नव्हतो, पण स्टेज कसलं, दोन हातांवर खुर्च्या होत्या. नाना सुरुवातीला हसत होते. माझ्या हशाला ते नेहमीच सगळ्यांत आधी हसतात. मग ते थांबले. त्यांनी आजूबाजूला बघितलं. शेजारचा म्हातारा मांडीवर थाप मारून हसत होता. नानांनी त्याच्याकडे पाहिलं आणि पुन्हा हसायला लागले, पण जरा उशिरा.

टाळ्या खूप पडल्या. मग चर्चा. हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं की चर्चा माझ्या वाक्यांवर होणार आहे. तोच मांडीवर थाप मारणारा म्हातारा उठला आणि गंभीरपणे म्हणाला, की त्या बिचाऱ्या माणसाच्या इंग्रजीची लेखकाने केलेली थट्टा ऐकून त्याला लाज वाटली. सगळ्यांनी माना डोलावल्या; खरं माहीत असलेल्या शिक्षिकाबाई पुस्तकाची पानं चाळत राहिल्या. एक बाई म्हणाल्या, त्या काळचे लोक किती निर्दय होते. साहेब मेला त्याला शंभर वर्षं झाली असतील. त्याच्या डोक्यावर मी केलेलं पाप ही भली माणसं रचत होती, आणि मी हातात कागद धरून उभा होतो. फार्मसिस्ट माझ्याकडे बघत होती. ती बोलेल अशी मला भीती होती. तिने बोलावं असंही वाटत होतं. तिने आपले कागद घडी करून पर्समध्ये ठेवले.

चहाच्या वेळी एकीने नानांना विचारलं, मुलाचा अभिमान वाटत असेल ना? नाना हसले आणि म्हणाले, "यस." बस. हात कप-बशीला होते.

परतताना मी रेडिओ लावला. त्यांनी तो बंद केला.

"आवाज चांगला लागला होता," ते म्हणाले. "पॉजही नीट घेतलेस."

"हं."

थोडं अंतर गेल्यावर त्यांनी विचारलं, "ते अ‍ॅक्च्युअली, टेन्शन वगैरे, ते पुस्तकात आहे?"

पुढे रस्त्याचं काम चालू होतं, एक लेन बंद होती. मी त्या शंकूंकडे बघत म्हटलं, "हो. आहे."

नानांनी मान खिडकीकडे वळवली. मग म्हणाले, "म्हणजे साहेबाने बरोबर ऐकलं होतं."

मी त्याच क्षणी गाडी बाजूला घेऊन खरं सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. नंतर सांगू, घरी गेल्यावर सांगू, असं म्हणत सबंध आठवडा काढला. आणि तो आठवडा मी पाहत होतो. कुत्र्यावाल्या बाई थांबल्या तर नाना हात जोडून पुढे जात. समोरच्या बाळाकडे बघून हसत, बाळाच्या बापाकडे नाही. त्या शनिवारनंतर त्यांच्या तोंडून एक इंग्रजी वाक्य मी ऐकलं नाही. घर इतकं गप्प झालं की बायकोने विचारलं, नानांचं काही दुखतंय का?

खरोखरच दुखत होतं. गुडघा सुजला म्हणून पुढच्या शनिवारी सकाळी मी त्यांना क्लिनिकमध्ये घेऊन गेलो. रिसेप्शनवर नव्या पेशंटचा फॉर्म दिला. खुर्चीत बसून मी तो भरत होतो. नाव, जन्मतारीख, अ‍ॅलर्जी. मग एक ओळ आली, दुभाषा हवा आहे का? हो, नाही.

मी 'नाही'च्या चौकोनावर पेन टेकवलं, तर नानांनी माझ्या मनगटावर हात ठेवला.

"हो लिही."

"नाना, असं काय करता? तुम्हाला सगळं येतं. माझं मी सांगतो म्हणता ना?"

त्यांनी मनगटावरचा हात काढला नाही. मग मात्र माझ्याच्याने राहवेना. शेजारी माणसं बसलेली होती, पण मराठी कळणारं कुणी नव्हतं. मी खाली फॉर्मकडे बघत म्हटलं, "नाना, ते पुस्तकात नव्हतं. मी घातलं होतं. चुकलो मी. फार मोठी चूक झाली."

"माहीत आहे मला," नाना म्हणाले. "कार्यक्रमाहून आलो त्या रात्री तुझी बॅग टेबलावर होती. कागद वाचले मी. साहेबाचा माणूस दोनच वाक्यं बोलतो."

मी वर बघू शकलो नाही. ते रागावलेही नव्हते. रागावले असते तर बरं झालं असतं.

"बाकीचं सगळं माझं होतं," ते म्हणाले. "आणि तू ते इतकं हुबेहूब केलंस की आता मी तोंड उघडलं की मलाच तो ऐकू येतो. तेव्हा हो लिही, आणि आत गेल्यावर माझ्या वतीने तूच बोल."

मी 'हो'वर खूण केली. खालच्या ओळीत भाषा विचारली होती, तिथे मराठी लिहिलं. आतून डॉक्टरांनी नानांचं नाव पुकारलं, तर नाना उठले आणि मी पुढे होईपर्यंत थांबून राहिले.